अनुदान हवंय? आधी मेंढ्यांना एका जागी बसायला शिकवा

मेंढपाळ भावांनो, सरकारी योजना तुमच्यापर्यंत पोचत नाहीत अशी तुमची तक्रार असते. चूक तुमचीच. तुम्ही एका जागी थांबतच नाही.

दिवाळी झाली की माण-फलटणकडून घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचं, हे आधी बंद करा. हिंडणाऱ्याला रहिवासी दाखला कोण देणार? मेंढ्यांना सांगा, पाला गावातच उगवतो.

महामेष योजनेत 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि एक नर मिळतो. अर्ज ऑनलाइन. ओटीपी येईपर्यंत डोंगराच्या टोकावर मोबाईल वर धरून उभं राहा, मेंढ्या तोवर लांडगा राखील.

पोरांना शाळेत घाला. कुठल्या, ते विचारू नका.

लांडग्यावरून आठवलं. परवा पहाटे आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या तळावर, वाघरीच्या जाळीवरून आत उडी मारून त्यानं दोन मेंढ्या फाडल्या. भरपाई हवी तर मढं हलवायचं नाही, पंचनामा होऊ द्यायचा. नियम चांगलाच आहे. पण शेतकऱ्यानं आम्हाला खतासाठी एका रात्रीपुरतं बसवलेलं, उजाडताच त्याचा ट्रॅक्टर बांधावर हजर. एका कार्यालयात फोन लावला, "ही हद्द आमची नाही." दुसरीकडे लावला, "फोटो पाठवा." पाठवला. "ह्यात तारीख दिसत नाही. आणि सातबारा कुणाचा?" अहो, मेंढी मेलीय, बांध नाही! दुपारपर्यंत मढ्यांना वास सुटला, कळप उपाशी ओरडतोय, आई घोड्यावर बिऱ्हाड लादून उभी आणि साहेब मीटिंगमध्ये. शेवटी मढी तिथंच पुरून निघालो. भरपाई मातीत गेली. तेव्हा पुढच्या वेळी लांडगा आला की त्याला आधी हद्द विचारा.

2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क लिहिलाय. वनखात्याच्या रोपवनाच्या तारेपाशी तो मोठ्यानं वाचून दाखवा. पावती मिळेल, दंडाची.

बास झालं. साहेब, भटक्यांसाठी रेणके आयोगाचा अहवाल 2008 ला आला, इदाते आयोगाचा 2018 ला. आणखी किती आयोग पाहिजेत तुम्हाला? तुमच्या शेतात आमच्या मेंढ्या बसवताना लेंडीखताला कुणी रहिवासी दाखला मागत नाही. मग आमचं जनावर मेलं की आम्ही एकदम परके कसे होतो? हद्दीचं तुमचं भांडण तुम्ही नंतर मिटवा. दोघांपैकी एक माणूस आधी वाड्यावर पाठवा!