मोटारहोम घेतलं आजीसाठी, आणि आजी पंपाच्या संडासाच्या दारात

आज दुपारी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या पुढं हायवेवरच्या एका पंपावर भाड्याचं मोटारहोम उभं होतं. पांढरी ट्रॅव्हलर, अंगभर डोंगर-समुद्राचे स्टिकर, टपावर एसी, आत बेड, टीव्ही, सगळं. आणि त्या गाडीतली आजी एका हातात काठी, दुसरा हात नातीच्या खांद्यावर, अशी पंपाच्या संडासाकडं निघालेली. गुडघे गेलेले. संडासाची पायरी दीड फूट, आत खाली बसायचं भांडं. मुलगा गाडीमागं फोनवर ओरडत होता, "अवो लाल लाइट लागलीय, पुढं काय करायचं ते सांगा की!"

सूनबाईंकडून कळलं, गाडी घेतलीच आजीसाठी. वाटेत कमोडची सोय पाहिजे म्हणून. दुसऱ्याच दिवशी संडासाची टाकी भरली, आणि ती काढायची कुठून हे सहा माणसांत एकालाही माहीत नाही. रील काढायला मात्र सगळ्यांचे मोबाईल चार्ज.

डोकं फिरलं. त्या घरच्यांवर थोडंच, जास्त त्या गाडी देणाऱ्यावर. किल्ली दिली, सही घेतली, डिपॉझिट घेतलं, पाठ थोपटली. संडास दाखवला, पण रिकामा कसा करायचा ते दाखवलं नाही. आणि घरचे? त्यांनी दोन दिवस चकल्या आणि चिवडा भरण्यात घालवले. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या या ग्रुपवरची तीन-चार घरं पहिल्यांदा असली गाडी घेऊन निघणार आहेत, म्हणून लिहितोय. चिवडा राहू दे, आधी हे वाचा.

संडासापासूनच सुरुवात करतो, कारण सगळे तिथंच लाजतात आणि तिथंच अडकतात. या गाड्यांत बहुतेक कॅसेट टॉयलेट असतं. कमोडखाली साधारण १७ ते २० लिटरची सुटी टाकी, ती गाडीच्या बाहेरच्या बाजूला छोट्या दारातून ओढून काढायची. आता हिशोब करा. एका वेळेला फ्लशच्या पाण्यासकट अर्धा लिटर धरा. सहा माणसं, दिवसाला पाच-सहा वेळा, म्हणजे १५ ते १८ लिटर. दिवसात भरणारच! तीच टाकी फक्त आजीसाठी आणि रात्रीच्या अडीअडचणीला ठेवली असती तर तीन दिवस बघावं लागलं नसतं. धडधाकट माणसांनी पंपावर, हॉटेलात जायचं. एवढा नियम घरी बसून ठरवला असता तर आजी आज त्या पायरीपाशी उभी नसती.

रिकामी करायची रीत अशी. कमोडची झडप आधी बंद करायची. ती उघडी असेल तर टाकी निघतच नाही, आणि जोर लावला तर झडपेचं रबर फाटतं, मग पुढचे चार दिवस वासात. टाकी आडवी न करता सरळ न्यायची, तोंडाची नळी बाहेरच्या बाजूला वळवायची, ओतताना वरचं हवेचं बटण दाबून धरायचं. ते दाबलं नाही तर माल धक्क्याधक्क्यानं येतो आणि पायावर उडतो. ओतायचं फक्त फ्लशच्या संडासात, परवानगी विचारून. मग दोनदा पाणी घालून हलवून धुवायची, शेवटी दोन लिटर स्वच्छ पाणी आणि बाटलीवर लिहिलंय तेवढं केमिकल. रबरी मोजे आणि जुनी बादली लागते. गटारात, ओढ्यात, उसाच्या सरीत ओतायचं नाही. पंचगंगेत आधीच काय कमी जातंय? त्यात आपल्या सहलीची भर नको. आणि केमिकल फॉर्मलिनवालं असेल तर ते कुणाच्या सेप्टिक टँकमध्येही नको, त्यातले मैला कुजवणारे जिवाणू मरतात.

हे सगळं गाडी ताब्यात घेतानाच मालकाकडून करवून घ्यायचं. त्यानं तोंडानं सांगायचं नाही, हातानं करून दाखवायचं, आणि मग तुम्ही त्याच्यासमोर करायचं. पाण्याची टाकी भरणं, पंप चालू-बंद, मोरीच्या सांडपाण्याचा कॉक, गॅस, इन्व्हर्टर, फ्यूज कुठंय. दोन तास लागतात. "साहेब, पुढचं गिऱ्हाईक थांबलंय" म्हणाला तर थांबू दे. मोबाईलवर व्हिडिओ काढा, चारी बाजू, टप, काचा, मीटरचा आकडा, डिझेलचा काटा. फास्टॅगचे पैसे कुणाचे, रोजची किलोमीटर मर्यादा किती, पंक्चर कुणाच्या खिशातून, हे कागदावर. जॅक आणि पाना आहे ना हे बाहेर काढून बघा, "आहे की" या शब्दावर जाऊ नका.

नंबरप्लेटही बघा. स्वतः चालवायला भाड्यानं दिलेल्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. ड्रायव्हरसकट असेल तर पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्यानं देत असेल तर ती स्वस्त पडते खरी, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. लायसनची काळजी करणाऱ्यांसाठी: ७,५०० किलोपर्यंतच्या वजनाची व्यावसायिक गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या मोटारीच्या) लायसनवर चालते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. चालवता येते म्हणजे चालवायला जमते असं नाही, ते वेगळं.

टायरच्या नक्षीवर भुलू नका. या गाड्या वर्षातले कितीतरी दिवस उभ्याच असतात, त्यामुळं टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असला टायर, वर बारीक चिरा, आणि खाली घाट. नको.

आता वजन. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि भरल्यावर जास्तीत जास्त किती चालेल तेही असतं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची मुभा. त्यात सहा माणसं, सामान, आणि पाणी. पाणी लोक विसरतात. १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, वर आणखी एक दांडगा पैलवान बसवल्यासारखं. आणि कोल्हापुरात वजनकाट्याची काय टंचाई आहे का? ऊस, भंगार, फौंड्रीचा माल, जागोजागी काटे. सगळी माणसं बसवून गाडी काट्यावर घ्या. एकदा पूर्ण, एकदा फक्त पुढची चाकं. वजाबाकी केली की मागच्या एक्सलवर किती आलं ते कळतं. संडास, पाणी, सामान बहुतेक मागं असतं, त्यामुळं एकूण वजन बसलं तरी मागचा एक्सल ओझ्याखाली असू शकतो. मग पाण्याचे कॅन पुढं घ्या. निघताना टाकी अर्धीच भरा, मुक्कामाजवळ पूर्ण करा.

विजेबाबत तर लोकांच्या डोक्यात भलतंच असतं. "एसी आहे की!" आहे, पण कशावर चालणार? गाडीत १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची साधी बॅटरी असेल तर कागदावर १,८०० वॅट-अवर. ती निम्म्याच्या खाली नेली की लवकर मरते, म्हणजे हातात ९००. एसी खातो ताशी १,५०० च्या आसपास. अर्धा तास, बस्स. त्या ९०० मध्ये छोटा फ्रिज, दिवे, पंखे, मोबाईल, पाण्याचा पंप एवढं एक रात्र निभतं. एसी आणि इंडक्शन बाहेरच्या विजेवर किंवा जनरेटरवरच. बाहेरची वीज घेताना १६ अँपिअरचा सॉकेट मागा. घरातल्या छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम १,३८० वॅट मिळतात, त्यावर एसी लावला की प्लग वितळतो. वायर तीन कोरची, २.५ एमएमची, आणि गुंडाळी पूर्ण सोडून. गुंडाळलेली वायर तापते. गाडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथली अर्थिंग गेलेली आहे, लगेच प्लग काढा. लेकरं ओल्या पायानं चढतात त्या पायरीवर.

गॅस असेल तर छोटं ५ किलोचं सिलेंडर, उभं, पट्ट्यानं बांधलेलं, चालत्या गाडीत कॉक बंद. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीपाशी साचतो. म्हणून तळाशी जी जाळी असते तिच्यावर चपला, पिशव्या ठेवून ती बुजवायची नाही. साबणाचा फेस लावून जोड तपासा. जनरेटर झोपताना बंद, थंडी असो की उकाडा.

चालत्या गाडीत सगळ्यांनी पट्टा लावून सीटवर. आजींना आडवं पडावंसं वाटतं, मान्य. पण घाटात बेडवरचं माणूस म्हणजे सुटलेलं सामान. दर तासाला थांबा, अर्धा तास आडवं होऊ द्या, परत निघा. उगाच गोव्याला एका दमात पोचायचं काय घोडं आहे? पहिल्या दिवशी १५० किलोमीटर पुष्कळ झाले. खरं तर पहिली रात्र घराच्या दारातच काढा, नाहीतर राधानगरीपर्यंत जा. काय विसरलं ते पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर कळलेलं बरं.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढवली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. आंबा घाट असो, आंबोली असो, फोंडा असो. ब्रेकवर सतत पाय ठेवला की ब्रेक तापतात, ब्रेक ऑइल उकळतं, आणि मग पेडल कितीही दाबलं तरी गाडी थांबत नाही. न्यूट्रल करणारे हुशार लोक ही पोस्ट सोडून जाऊ शकतात. अणुस्कुरा पहिल्या ट्रिपला नको, तिलारीचं तर नावच काढू नका. उंची टेपनं मोजा, एसीसकट, आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. पेठांतल्या केबली, मांडवाच्या कमानी, रेल्वेखालचे बोगदे, सगळीकडं तोच आकडा कामाला येतो. वळताना मागचा भाग उलट्या बाजूला फेकला जातो, पंपाच्या खांबाला घासतो तो तिथंच. आणि अंधार पडायच्या आत मुक्काम. गाळप सुरू झालं की विना रिफ्लेक्टरच्या उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यावर असतात. ब्रेक लावेपर्यंत ऊस काचेत.

मुक्काम कुठं? राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन (म्हणजे असल्याच गाड्यांच्या) पर्यटनाचं धोरण आणलं, कागद चांगला आहे. आपल्याकडच्या माणसाला मात्र अजून पंपवाल्यालाच विनवावं लागतं. माझं ऐका, मंगल कार्यालय गाठा. तुळशीचं लग्न होईपर्यंत कार्यालयं रिकामी असतात. मोठं अंगण, पाणी, १६ अँपिअरचे सॉकेट, बऱ्याच ठिकाणी कमोड, रात्रीचा वॉचमन. आधी फोन करून पैसे ठरवा, हक्कानं घुसू नका.

खाण्याचं काय सांगायचं, कोल्हापूरकराला? गाडीत रस्सा शिजवू नका. पडद्यांना वास बसतो आणि डिपॉझिटमधून कापतात. भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी न्या, आणि फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू ठेवा. झालं.

निघताना गाडीभोवती एक फेरी, आणि ती चालवणाऱ्यानंच मारायची. वायर काढली, पायरी आत, छत्री गुंडाळली, टपाची झडप बंद, गॅस बंद, ड्रॉवरच्या कड्या, सांडपाण्याचा कॉक. "मी बघितलंय" असं दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाही. आजच्या त्या गाडीचा सांडपाण्याचा कॉकही उघडाच होता, पंपभर साबणाचं पाणी. पंपवाला ओरडत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

एवढं लिहून राग जरा उतरला. त्या मुलाला शिव्या घालायला बसलो होतो, पण आईला फिरवायचं म्हणून गाडी काढणारी पोरं तरी किती असतात.

शेवटी पंपावरच्या एका पोरानंच बादली आणि मोजे दिले. झडप बंद केली, टाकी ओढली, बटण दाबून ओतली, दोनदा धुतली. सगळं मिळून सहा मिनिटं. आजी तोवर पंपाच्या प्लास्टिक खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी धरून बघत होत्या. टाकी परत आत सरकली, लाल लाइट विझली, आणि आजी लेकाला म्हणाल्या, "एवढंच हुतं व्हय रं?"