सोन्यासारखा माणूस

डोक्याला ताप नको म्हणून मी घर एका मॅनेजमेंट कंपनीकडे सोपवलं. जाहिरात त्यांची, घर दाखवणं त्यांचं, अर्जांची छाननीही त्यांचीच. सध्याचा भाडेकरू 'दुसरं घर मिळालं की लगेच सोडतो' असं गेले ४ महिने म्हणतच होता.

११ अर्ज आले. कंपनीची चाळणी ठरलेली: पगार भाड्याच्या ३ पट हवा, क्रेडिट स्कोअर बरा हवा, ओळखपत्र खरं हवं. "सगळ्यांना एकच फूटपट्टी लावायची हं," असं तिथल्या मॅडमनी मला बजावलं. कारण एका अर्जावर मी 'सही आगाऊ वाटते' असा शेरा मारला होता.

करार नीट वाचला (अर्थात सही केल्यावर) तेव्हा कळलं, भाडेकरू आला की कंपनीला फी मिळते. मग प्रत्येक अर्जदार 'शांत, निर्व्यसनी, आपण बरं आपलं काम बरं' का असतो, याचा उलगडा झाला. नशीब, शेवटचा होकार माझा, असं एक कलम होतं. मी भिंग घेऊनच बसलो. एका सॅलरी स्लिपवरचा पहिला ८ बाकीच्या आकड्यांपेक्षा अंमळ जाड दिसला. बँक स्टेटमेंट मागवलं, तर अर्जदारच गायब.

उरला आधीच्या घरमालकाचा अभिप्राय. यातली मेख अशी, की सध्याच्या मालकाला विचारून काही उपयोग नसतो. ब्याद टळावी म्हणून तो तोंड भरून कौतुक करतो. विचारायचं त्याच्याही आधीच्या मालकाला. त्याचं आता काही अडलेलं नसतं. असाच एक फोन मी स्वतः लावला. पलीकडचे गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले, मग एक सुस्कारा सोडून म्हणाले, "बाकी माणूस चांगला आहे." त्या 'बाकी'त काय काय असेल, या विचाराने मी अर्ज बाजूला ठेवला.

तेवढ्यात माझाच फोन वाजला. दुसऱ्या कुठल्याशा कंपनीतली एक मुलगी बोलत होती. माझ्या सध्याच्या भाडेकरूने त्यांच्याकडे अर्ज केला होता.

"कसे आहेत हो ते?"

बिजागरीतून निखळलेलं बाथरूमचं दार भिंतीला टेकवून ठेवल्याचा, त्यानेच पाठवलेला फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून होता.

"सोन्यासारखा माणूस! सोडवत नाही हो."

"आणि भाडं वेळेवर देतात?"

"अगदी १ तारखेला!" मी म्हणालो. कुठल्या महिन्याचं, ते तिने विचारलं नाही.