साखर वजनकाट्यावर ठेवली तेव्हा

रविवारी लेकीला सोबत घेऊन एक प्रयोग केला. ३३० मिलीचा कोलाचा कॅन होता. त्यावर अगदी बारीक अक्षरांत लिहिलेलं : १०० मिलीमध्ये १०.६ ग्रॅम साखर. म्हणजे अख्ख्या कॅनमध्ये ३५ ग्रॅम. तिला म्हटलं, एवढी साखर वजनकाट्यावर घाल. ती एकेक चमचा घालत गेली. पाचव्या चमच्याला माझ्याकडे बघितलं, सातव्याला विचारलं, "अजून?" जवळजवळ नऊ चमचे झाले.

ती साखर आम्ही तेवढ्याच साध्या पाण्यात ढवळली. एका घोटात तिनं ग्लास खाली ठेवला. "आई, नाही पिववत हे." मग त्यात लिंबू पिळलं, ग्लास फ्रिजमध्ये ठेवला. तासाभरानं तेच पाणी तिला चक्क आवडलं. साखर तेवढीच होती, फक्त आंबटपणानं आणि गारव्यानं ती जिभेपासून लपली. मला खरी भीती या लपण्याची वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमलं तर ५ टक्क्यांच्या. हे ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. एका कॅनमध्येच ती मर्यादा ओलांडली जाते, आणि पोट भरल्याचं जाणवतही नाही. चावून खाल्लं की जेवण झाल्यासारखं वाटतं. प्यायलेले उष्मांक तसे मोजलेच जात नाहीत, जेवण आपण नेहमीएवढंच जेवतो.

आणि हो, फळांचा रससुद्धा याच हिशोबात येतो, घरी काढलेला असला तरी. फळ खा. रस काढला की चोथा बहुतेक मागे राहतो आणि तीन-चार फळांची साखर दोन मिनिटांत पोटात जाते. दातांचं तर विचारूच नका : साखर आणि आम्ल दोन्ही एकदम, आणि घोट घोट करत तासभर प्यायलं तर दातांना सावरायला वेळच मिळत नाही.

माझं स्वतःचं सांगते. कित्येक वर्षं दुपारी चारच्या सुमारास डोकं जड व्हायचं आणि मी काहीतरी गोड, गार प्यायचे. एकदा सहज आधी ग्लासभर पाणी प्यायले, वीस मिनिटं थांबले. ती इच्छा निघूनच गेली. सकाळपासून जेमतेम दोन ग्लास पाणी पोटात गेलं होतं. मला तहान लागलेली असायची आणि मी तिला साखर देत होते.

रोज आठच ग्लास प्या, असं मी म्हणणार नाही. ऊन, काम, अंगाची ठेवण, सगळ्यांचं वेगळं असतं. लघवी फिकट पिवळी असेल तर बहुतेक वेळा पाणी पुरतंय. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल तेवढंच.

एकदम सोडणं जमत नसेल तर कॅन अर्धा करा, मग एक दिवसाआड करा. पाण्याची बाटली नजरेसमोर ठेवा, कपाटात नको.

आज घरात जी गोड बाटली असेल तिच्या मागचा आकडा वाचा. १०० मिलीचा आकडा अख्ख्या बाटलीचा करा, चारानं भागा, तेवढे चमचे साखर एका वाटीत काढा आणि घरातल्या मुलांना दाखवा. किती चमचे निघाले ते मला खाली लिहून कळवा.