म्हातारी माणसं मेंटल हॉस्पिटलातच बरी, हा मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवसांत तीनदा आलाय हा मेसेज. म्हणे वीस-वीस वर्षं मनोरुग्णालयात काढलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी आणू नका, त्यांना बाहेर जमत नाही, आत जेवण-औषध सगळं मिळतं, आणि घरचे न्यायला आले नाहीत तर कायद्यानेही सोडता येत नाही. माझी मावशी 19 वर्षांनी बाहेर आली, वय तेव्हा 67, आता आमच्याकडेच असते, म्हणून लिहितेय.

आधी कायद्याचं, कारण ते सरळ खोटं आहे. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, कलम 19 वाचा. घरचे नाहीत, घरच्यांनी नाकारलं, राहायला जागा नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला आत ठेवता येत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या सरकारी मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं अडकून पडलेल्यांचा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टींच्या याचिकेतून मुंबई हायकोर्टापर्यंत गेलाय.

आता "बाहेर जमत नाही". पहिला महिना मावशी पहाटे पाचला उठून अंथरुणाची घडी करून दाराशी बसून राहायची, बाथरूमला जाऊ का विचारायची, उशीखाली पोळी लपवायची. हा आजार नाही हो, 19 वर्षांची सवय आहे ती. बाजारात पाकिटात जुनी पाचशेची नोट शोधत बसली, 2016ची नोटाबंदी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आणि मामा गेल्याचं तिला घरी आल्यावर कळलं, तो जाऊन सहा वर्षं झालेली, ती दोन दिवस रडली तर शेजारचे म्हणाले, बघा परत सुरू झालं. अहो, तिचा भाऊ तिच्यासाठी त्या दिवशी गेला, रडणार नाही तर काय करणार?

"आत औषध मिळतं." मिळतं, मान्य. पण वय वाढलं की तोच डोस जड पडू शकतो, गुंगी येते, तोल जातो, माणूस पडतो. मावशीची जीभ आणि ओठ सारखे हलायचे, लोकांना ते वेड वाटायचं, डॉक्टरांनी सांगितलं की बरीच वर्षं घेतलेल्या गोळ्यांचा परिणाम आहे. त्यांनी डोस हळूहळू बदलला (स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, प्लीज). औषधं बाहेरही मिळतात, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, आणि अडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे.

मेसेजमधलं एक मला अर्धं पटतं, तयारी न करता आणलं तर हाल होतात. आमचे झाले. दुपारी फोन आला, उद्या घेऊन जा, आणि हातात दहा दिवसांच्या गोळ्या नि एक कागद. त्याच 2017च्या कायद्याच्या कलम 98प्रमाणे सोडण्याआधी पुढच्या उपचारांचं पेशंटशी बोलून ठरवायचं असतं, तिच्याशी कुणीच बोललं नव्हतं. आधार नाही, बँकेत खातं नाही, रेशनकार्डातून नाव कमी केलेलं, मग म्हाताऱ्यांना पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेचा फॉर्म भरणार कशाच्या जोरावर? कागद गोळा करण्यातच चार महिने गेले. त्यात तिसऱ्या महिन्यात तिची झोप उडाली आणि 12 दिवस परत ॲडमिट करावं लागलं. मेसेजवाले हाच पुरावा म्हणतील. पण शुगरचा पेशंट दोनदा ॲडमिट झाला म्हणून त्याला आपण जन्मभर तिथेच ठेवतो का?

आणि खाली कुणीतरी जोडलंय, "नाहीतर कुठल्यातरी आश्रमात टाका". मनोरुग्णालयातून माणसं भिक्षेकरी गृहासारख्या ठिकाणी हलवणं बंद करा, हे सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र सरकारला 2021मध्येच सांगितलंय.

मावशी आता बाथरूमला जाताना विचारत नाही. खाली दूध आणायला जाते, सुटे पैसे दोनदा मोजून घेते. दिवाळीला आम्ही तिला फोन घेऊन दिला आणि ग्रुपमध्ये ॲड केलं. म्हणजे तो मेसेज तिनेही वाचलाय, तीनही वेळा. ज्यांनी टाकलाय त्यांनी डिलीट करा आणि तिला एक फोन करा.