गरुड

परवापासून सोसायटीत मी अमेरिकन वकिलातीतला माणूस आहे. कारण एक टी-शर्ट.

टी-शर्ट रामोन्सचा. न्यूयॉर्कचा पंक बँड. त्यावरचा गरुड अर्तुरो वेगा या त्यांच्या चित्रकार मित्राने थेट अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या शिक्क्यावरून उचलला आणि त्याच्या पंजात बाणांऐवजी बेसबॉलची बॅट दिली. टिंगल आहे हो ती! पण बॅट दिसायला चष्मा लागतो, आणि बी विंगच्या काकांचा घरी राहिला होता.

टपरीवर माझं आणि रॅपवेड्या बंड्याचं नेहमीचं भांडण चालू होतं. पंक म्हणजे तीन कॉर्ड आणि बोंबाबोंब, असं त्याचं मत. मी म्हटलं, १९७६ चा पहिला अल्बम, १४ गाणी, २९ मिनिटांत खेळ खलास. तेवढ्यात तुझ्या रॅपरचं स्वतःचं नाव सांगून होत नाही. मग त्याने ११ ऑगस्ट १९७३ काढला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली डीजे कूल हर्कची पार्टी, हिप-हॉपचा, म्हणजे त्याच्या रॅपचा, जन्म वगैरे. अरे, ती पार्टी हर्कच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून ठेवलेली! मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तुमची क्रांती म्हणजे दिवाळीची खरेदी.

बंड्या पेटणार, तेवढ्यात काका माझ्या छातीपाशी नाक आणून उभे.

“बीकेसी की दिल्ली?”

“काय काका?”

“पोस्टिंग.”

“अहो, हा बँड आहे.”

“जॉनी, जोई, डीडी, टॉमी,” काकांनी गरुडाभोवतीची अक्षरं बोटाने चाचपत वाचली. “हे साहेब लोक का?”

“गाणारे. चौघंही रामोन.”

“भाऊ-भाऊ?”

“नाही, आडनाव मुद्दाम लावलं सगळ्यांनी.”

“ग्रीन कार्डासाठी?”

मी बंड्याकडे पाहिलं. शाळेपासूनचा मित्र. त्याने शांतपणे ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, “काका, तो कबूल करणार नाही. त्यांना बोलायची परवानगी नसते.”

त्या क्षणी काका मला अहो-जाहो करू लागले. हेच काका! टँकरच्या बिलाबद्दल मी सभेत विचारलं, तेव्हा “तू भाडेकरू आहेस, खाली बस” म्हणाले होते. आता माझ्या चहाचे पैसे त्यांनी दिले, वर क्रीमरोल. मुलाचं व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलंय, मुलाखतीचा स्लॉट मिळत नाही, डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये वडिलांचं नाव चुकलंय. माणुसकीने मिळत नाही ते गरुडाने मिळतं.

आणि त्या चौघांना काय मिळालं? पहिल्या अल्बमच्या पाच लाख प्रती खपल्याचं सर्टिफिकेट २०१४ साली आलं. तोवर जोई, डीडी, जॉनी, तिघेही गेलेले. टी-शर्ट मात्र मॉलमध्ये बनियनांच्या शेजारी टांगलेला असतो. मीही तिथूनच घेतला, पण निदान गाणी ऐकली आहेत. काकांचं सोडाच, टपरीवरच्या एकानेही विचारलं नाही की बाबा, ते गातात काय?

आज सकाळी लिफ्टमध्ये काकांनी झेरॉक्सची फाइल माझ्या हातात कोंबली. पासपोर्ट, ऑफर लेटर, दोन फोटो, वर पेढे. मी तिसऱ्या मजल्यावरूनच बंड्याला फोन लावून शिव्या घातल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“बरं, ते असू दे,” म्हणाला. “माझ्या मेव्हणीचंही जरा बघ ना.”

हसत नव्हता.