टाक्यांवर खापर फोडण्याआधी

गोव्यात घोडे पाळणाऱ्यांमध्ये व्हॉट्सॲपवरून एक मजकूर फिरतो आहे. पोटशूळाच्या शस्त्रक्रियेनंतर घोड्याचे आतडे ठप्प झाले तर ती डॉक्टरांची चूक समजावी, म्हणून आधी दोन दिवस तेल-हिंग पाजून पाहावे, म्हाताऱ्या घोड्याचे पोट उघडूच नये आणि लीद पडली की निर्धास्त व्हावे, असे त्यात म्हटले आहे.

आतडे ठप्प होऊन जठरात द्रव साचण्याचा धोका बराचसा शस्त्रक्रियेपूर्वीच ठरलेला असतो. लहान आतड्याला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असणारे हृदयाचे ठोके ६०-७० वर गेले असतील आणि शरीरातील पाणी कमी होऊन रक्त दाटले असेल, तर हा धोका पुष्कळ वाढतो. किनाऱ्यावर वाळूत टाकलेला चारा खाणाऱ्या घोड्यांचे दुखणे निराळे. ती वाळू मोठ्या आतड्यात साचते (लीद पाण्यात ढवळून ठेवली तर तळाशी बसलेली दिसते) आणि तेथे ही गुंतागुंत तुलनेने कमी आढळते. भूल लांबल्याने आणि आतडे फार हाताळल्यानेही धोका वाढतो, हे खरेच. पण भूल लांबते ती पुष्कळदा कापून काढायचा भाग मोठा असल्यामुळेच.

दोन दिवस थांबण्याचा सल्ला तर सरळ घातक आहे. घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या जठरात जेमतेम ८ ते १५ लिटर मावतात, त्यामुळे अडलेला द्रव वाढत गेला तर जठर फुटू शकते. वरून पाजलेले तेल त्यात भर घालते, शिवाय श्वासनलिकेत जाण्याची भीती असतेच. पशुवैद्य नाकातून जठरात नळी घालतात आणि एका वेळी २ लिटरहून अधिक द्रव बाहेर आला तर लहान आतड्यात अडथळा असल्याचा संशय घेतात. शस्त्रक्रियेसाठी घाट चढून जावे लागणार असेल, तर हे दोन दिवस आणखी महागात पडतात.

वयाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. काही अभ्यासांत वाढत्या वयाबरोबर ही गुंतागुंत वाढलेली दिसते. पण देठ असलेली चरबीची गाठ लहान आतड्याभोवती आवळली जाण्याचे प्रकारही मुख्यतः म्हाताऱ्या घोड्यांतच होतात, आणि तेथे शस्त्रक्रियेला पर्याय उरत नाही.

राहिली लीद. लहान आतडे अडलेले असतानाही मोठ्या आतड्यात आधीपासून असलेली लीद पडू शकते, म्हणून ती पडल्यानंतरही ठोके चढेच राहिले तर नळी घालून पाहावेच लागते.