रीड-ओन्ली

बेळगावकडच्या खानापूरच्या आत्यानं लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क पाठवली. "तुझ्याकडचे हळदीचे फोटो ह्यातच घाल की, आणि रविवारी घेऊन ये." डिस्क विंडोजची, म्हणजे एनटीएफएस, विंडोजची फाईली मांडायची पद्धत. माझा लॅपटॉप लिनक्सचा, त्यात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मी स्वतः कंपाईल केलेला, म्हणजे मूळ कोडपासून बांधलेला. 'नको ते काढू, हलका राहील' म्हणून मीच त्यातनं एनटीएफएस काढलं होतं. आता कर्नल ओळखच दाखवेना. एनटीएफएस-थ्रीजी हा तयार प्रोग्राम टाकून भागलं असतं, पण स्वतः कर्नल बांधणाऱ्याला सोपं काही सुचत नाही.

मेनूकॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय हवं ते निवडायची यादी, उघडलं. निळ्या पडद्यावरच्या यादीत एनटीएफएस दोनदा! एक जुना ड्रायव्हर, तेव्हा अजून कर्नलमध्ये असलेला, दुसरा २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून आलेला एनटीएफएस३. स्पेसबार दाबला की 'एम' येतो, परत दाबला की चांदणी. एम म्हणजे मॉड्यूल, बोलावल्यावर येणारा पाहुणा. चांदणी म्हणजे घरजावई. मी जुन्यापुढं एम दिला आणि 'मेक' मारलं, म्हणजे कर्नल बांधायला घेतला. मध्येच वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली.

"काय करालायस रे मघापासून?" आईनं विचारलं.

"पाहुण्याला आत घ्यालोय."

"मग चहा ठेवू?"

मध्यरात्री फोटो दिसले, पण नवीन घालता येईना. जुना ड्रायव्हर मुळात वाचणारा. लिहायची सोय चालू केली तरी आहे त्याच फाईलवर, तेही लांबी न बदलता. हे वाचून मला गहिवरून आलं, कारण माझी कन्नड अगदी अशीच आहे! बसची पाटी, दुकानाचा बोर्ड सगळं वाचतो. लिहायचं म्हटलं की छापील अर्जाच्या चौकटीत मावेल तेवढंच.

पहाटे एनटीएफएस३ घातला. तो म्हणाला, डिस्क 'डर्टी' आहे, म्हणजे नीट बंद न करता काढलेली, जबरदस्ती केल्याशिवाय लिहू देणार नाही. आतेभावानं डिस्क ओढून काढली असणार. आत्याच्या डिस्कवर जबरदस्ती करायची माझी छाती नव्हती.

सकाळी कोपऱ्यावरच्या सायबर सेंटरात गेलो. "इल्ली हाकि," म्हणजे इथं लावा, सेंटरवाले अण्णा म्हणाले. विंडोजवर डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवलं, पेनड्राइव्हमधले हळदीचे फोटोही तिथंच घातले. दहा मिनिटं.

"इष्टे?" म्हणजे एवढंच? मी विचारलं.

"हौद्री." म्हणजे हो जी.

अण्णांनी रजिस्टर पुढं सरकवलं. नावाचा रकाना कन्नडमध्ये. रात्रभराचा जोर होता, म्हणून नाव कन्नडमध्येच लिहायला घेतलं. आडनावाचं शेवटचं अक्षर मोबाईल नंबरच्या रकान्यात गेलं.